तिढ्याची घंटा

दूध उतू जायच्या बेतात आलं की नेमक्या त्याच वेळी पेवातल्या खबरा सुरू होतात, असा चंपाक्का मगदूमचा पक्का समज होता. शेगडीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीला टेकून, विटेएवढी एक पेटी ठेवलेली होती. तेच पेवाचं हरिपूरचं ठाणं. पेटी रोज सकाळी गोड आवाजात सांगायची: केनियाच्या मंडळींनी एक जुनी चूक दुरुस्त केली, ओडिशातून नवे राखणदार आले, सातवी आवृत्ती चाचणीला निघाली. त्यातलं निम्मं चंपाक्काच्या डोक्यावरून जायचं. पण ती एक शब्द चुकवायची नाही. गावात कोण आलं, कोण गेलं हे जिला ठाऊक नसतं तिच्या हातात घर देऊ नये, असं तिचं म्हणणं. आणि पेव तरी काय, गावच की. जरा लांबलांब पसरलेलं.

पेव म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. तोंड अरुंद, पोट मोठं. माल आत ओतून तोंड लिंपून टाकलं की वारा नाही, किडा नाही, हळद जशीच्या तशी. पुढं पुरानं पेवं बुजली आणि लोक हळदीपेक्षा माहितीच जास्त साठवायला लागले. त्या माहितीची कोठारं बड्या कंपन्यांची. कोठार त्यांचं, कुलूप त्यांचं. एके दिवशी एका कंपनीनं कुलूप बदललं, आणि शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची बेण्याची माहिती शेतकऱ्यांनीच खिडकीतून बघायची वेळ आली.

तेव्हा जगभरच्या काही शहाण्यांनी आपलं आपण एक कोठार बांधायला घेतलं. ते कसं बांधलंय हे कुणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी, आणि फुकट वापरावं. मालक कुणीच नाही, राखणदार मात्र पुष्कळ. पहिली वीट फिनलंडच्या युहानी नावाच्या म्हाताऱ्यानं ठेवली. दुसरी ठेवणाऱ्यांत चंपाक्काची सून स्वरूपा होती. 'पेव' हे नाव तिनंच सुचवलं. युहानीला ते उच्चारता आलं, म्हणून टिकलं.

ह्या कोठाराची गंमत अशी की ते एका जागी नव्हतंच. प्रत्येक ठाण्यात अख्खं पेव असायचं. नेट गेलं तरी ज्याची त्याची नोंद ज्याच्या त्याच्या पेटीत चालू. नेट आलं की पेट्या एकमेकींना गाठून ताळमेळ घालायच्या. एकाच लग्नाला जाऊन आलेल्या दोन शेजारणी ओट्यावर बसून हकीकत जुळवतात ना, तसं. जुळलं तर प्रश्नच नाही. एकीनं म्हटलं बुंदी होती आणि दुसरीनं म्हटलं जिलेबी, तर झाला तिढा.

तिढा पडला की पेव दोन्ही म्हणणी जपून ठेवायचं, एकही टाकायचं नाही. आणि दोन्ही ठाण्यांवर एकाच क्षणी घंटा वाजवायचं. मग दोघांनी पेटीसमोर बोलायचं, भांडायचं, आणि शेवटी दोघांनीही 'मान्य' म्हणायचं. दोन 'मान्य' ऐकल्याशिवाय पेटीवरचा पिवळा दिवा विझायचा नाही.

ह्या घंटेवर चंपाक्काचं एक अख्खं नातं टांगलेलं होतं.

नणंद तिची. इंदुमती. चंपाक्का लग्न होऊन आली तेव्हा इंदुमती घरातच होती, बरोबरीच्या वयाची, आणि हळदीचा गड्डा हातात धरायचा कसा इथपासून सगळं तिनंच शिकवलं. पुढं ती नदीपलीकडं अंकलीला दिली, तेव्हा माहेरच्या बेण्याची, लागणीच्या गड्ड्यांची, एक पाटी डोक्यावर घेऊन गेली. तेव्हापासून मगदुमी बेणं दोन रानांत वाढलं. बेणं एक, म्हणून पेवात त्याची नोंदही एकच. राखणदारणी दोन.

आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण हळदच. इंदुमतीच्या धाकट्या लेकाच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, मांडवात दुकानातली हळद आली. चकचकीत पाकिटातली. मुलाच्या मित्रांनी सगळा कार्यक्रम ठेक्यानं दिला होता आणि ठेकेदारानं सामानाबरोबर हळदही आणली. माहेरची हळद पाटीत तशीच झाकून राहिली. हळदकऱ्याच्या घरात पाकिटातली हळद! चंपाक्का न जेवता मांडवातनं उठली. इंदुमतीनं तिला थांबवलं नाही. दोघींचंही चुकलं, पण पहिला फोन कुणी करायचा? जी करेल तिचं नाक खाली. तेव्हा कुणीच केला नाही.

घंटेला मात्र नाक नसतं. ती दोन्हीकडं एकदम वाजते. कुणी कुणाला बोलावलं नाही, पेवानं दोघींना बोलावलं.

"वन्सं, पानं पोपटी झाली असं लिहिलंय तुम्ही. डोळं तपासा."

"माझं डोळं तुझ्याआधीपासनं हळद बघतायत, वैनी. तुझ्याकडं गर्द हिरवी असतील तर पाणी जास्त झालंय. भाऊ काय झोपतोय काय मोटार लावून?"

"तुमचा भाऊ गुडघं धरून बसलाय. तेल लावते रोज."

"कुठलं?"

"निर्गुडीचं."

"एरंडाचं लाव. आणि लिही, हिरवी. मान्य."

"मान्य."

बेण्याखेरीज बोलायचं नाही असा दोघींचा बाणा. पण बेण्याच्या आडून गुडघे यायचे, नातवंडं यायची, कुणाकडं काय शिजलं तेही यायचं. असं कित्येक वर्षं चाललं.

मग आला निवाडा.

सातव्या आवृत्तीतलं हे नवं यंत्र, आणि ते घडवलं होतं स्वरूपानं. चंपाक्कानं गल्लीभर पेढे वाटले होते. स्वरूपानं तिला ते समजावून सांगितलं होतं, भाकरी थापता थापता, चंपाक्काला कळेल असं.

"आत्याबाई, रानात आपण काड्या रोवल्यात ना, ओल मोजायच्या? त्या आता मातीचा वासही टिपतात. वरनं उपग्रह पानांचा रंग बघतो. आता समजा तुम्ही म्हणालात हिरवी आणि अंकली म्हणाली पोपटी. निवाडा दोन्ही गोष्टी एकदा खऱ्या धरून बघतो. अंकलीचं खरं असतं तर काड्यांनी काय टिपलं असतं? तुमचं खरं असतं तर काय? जे प्रत्यक्ष टिपलेल्याच्या जास्त जवळ, ते खरं. शिवाय आधी कोण किती वेळा बरोबर होतं, त्यावरनं प्रत्येक ठाण्याला भरवसा देतो."

"म्हणजे सासूसारखं. दोघींचं ऐकायचं आणि स्वतःचंच खरं करायचं."

"तसंच," स्वरूपा हसली. "पण निमिषात. कंदकुज कुठं लागली याची खबर पूर्वी तिढ्यात अडकून बसायची. लोक भांडत बसायचे आणि गड्डे सडायचे. आता लगेच सगळीकडं जाईल."

हे चंपाक्काला पटलं. कंदकुजीनं सडलेल्या गड्ड्याचा वास जिनं एकदा घेतलाय तिला पटणारच.

हळदीच्या लागणीपासून सांगली भागात निवाड्याची चाचणी सुरू झाली. पहिलाच तिढा पडला तो फुटव्यांवरून, आणि घंटा वाजायच्या ऐवजी पेटी बोलली: "तिढा सुटला. हरिपूरची नोंद ग्राह्य."

चंपाक्कानं पदर सारखा केला. नवऱ्याला हाक मारून पेटीला पुन्हा बोलायला लावलं. पुढच्या वेळी पानाच्या रुंदीवरून, मग फुलावरून, मग गड्ड्याच्या रंगावरून. हरिपूर ग्राह्य, हरिपूर ग्राह्य. पहिले काही दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. बाजारात भेटेल त्याला सांगून झालं. मग सांगायला कुणी उरलं नाही. जिला सांगण्यात खरी मजा होती तिला सांगायची सोयच राहिली नव्हती.

पाऊस संपला, थंडी पडली. पेटी तिढे सोडवत राहिली. नवऱ्याचे गुडघे बरे झाले, तेही अंकलीला कळलं नाही.

आणि एका सकाळी, दूध वर येत असताना, खबर आली: "अंकली ठाण्याच्या राखणदार इंदुमती चौगुले ठाणं सोडत आहेत. हरिपूरच्या पेवमेळ्यात पेटी परत केली जाईल. मगदुमी बेण्याची अंकली शाखा बंद होईल."

दूध उतू गेलं. चंपाक्कानं पुसलं नाही.

"स्वरूपा, हे काय?"

"त्या थोरल्या लेकाकडं हैदराबादला चालल्यात म्हणे. रान खंडानं देणार." स्वरूपा जरा घुटमळली. "त्यांच्या अर्जात कारण लिहिलंय. 'माझ्या नोंदी चुकतात असं यंत्र म्हणतं. मग माझा उपयोग काय.'"

दिवसभर चंपाक्का हळदीच्या रानात बांधावर बसून राहिली.

इंदुमती चुकते? जिनं शिकवलं ती? चंपाक्का एकेक तिढा आठवत गेली. कंदकुजीबद्दल अंकलीचं कधी चुकलं होतं? कधीच नाही. करप्याबद्दल? नाही. पाण्याबद्दल, काढणीच्या दिवसाबद्दल? एकदाही नाही. चुकलं ते नेहमी बिनकामाच्या गोष्टीत. पान जरा पोपटी, फूल जरा लवकर, ज्यानं कुणाचं काडीचं नुकसान होत नाही अशा. आता माणूस चुकतं तर ते सगळीकडं चुकतं. मीठ चुकणारीचं तिखटही कधीतरी चुकतंच. निवडून निवडून फक्त बिनधोक जागीच चुकायचं, तर त्याला चूक म्हणत नाहीत.

ती घरी आली आणि पेटीसमोर ठाम आवाजात म्हणाली, "लिही. मगदुमी बेण्याला औंदा पिवळी फुलं आली, सूर्यफुलाएवढी."

"तिढा सुटला," पेटी म्हणाली. "अंकलीची नोंद ग्राह्य. हरिपूरचा भरवसा कमी करण्यात आला आहे."

"कर कमी. घंटा वाजव."

पेटी गप्प राहिली. तिढा सुटलेला असला की घंटा नसते.

फोन तर हाताशीच होता. चंपाक्कानं तो उचलला आणि पुन्हा ठेवला. इतक्या वर्षांचं नाक. ते एका दिवसात खाली येत नाही.

पेवमेळा त्या वर्षी हरिपूरला, संगमाजवळच्या मैदानात भरला. देशोदेशींची मंडळी आली, कानात दुभाषी यंत्रं घालून. जेवणाचं चंपाक्काकडं होतं. मगदुमांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर पान मांडत नाहीत, हे तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं. वाटाघाटी रंगात आल्या की पाहुण्यांना तहानभूक आठवत नसे, आणि मग अंधारात बिस्किटं शोधत फिरावं लागे. दुसऱ्या दिवसापासून युहानी, ताडासारखा उंच म्हातारा, ऊन कललं की सगळ्यांच्या आधी पाटावर हजर. "चंपाक्का," तो म्हणायचा, "फिनलंडमध्ये हिवाळ्यात दिवस उगवतच नाही. तिथं मला जेवायलाच मिळणार नाही."

"तर. म्हणून तर तुमच्याकडं जैन नाहीत," ती म्हणाली आणि त्याला आणखी एक भाकरी वाढली.

शेवटच्या दुपारी सातव्या आवृत्तीचा निर्णय होता. पेवात मतं मोजत नाहीत. नवी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवतात आणि विचारतात, कुणाची आडकाठी? कोणताही राखणदार, भले स्वयंपाकघरातल्या एका पेटीचा का असेना, आडकाठी घालू शकतो. पण घालून उठून जायचं नाही. काय केलं तर काठी काढशील, हे तिथंच बसून सांगावं लागतं.

मांडवाच्या एका टोकाला चंपाक्का बसली. दुसऱ्या टोकाला इंदुमती, मांडीवर अंकलीची पेटी घेऊन. केस सगळे पिकले होते. हे चंपाक्काला घंटेनं कधी सांगितलं नव्हतं.

स्वरूपानं निवाडा वाचून दाखवला. छान बोलली. कंदकुजीची खबर किती आधी पोचली, किती रानं वाचली, सगळं. टाळ्या झाल्या.

"कुणाची आडकाठी?" युहानीनं विचारलं. तो नुसता रिवाज म्हणून विचारत होता.

चंपाक्कानं हात वर केला.

स्वरूपाचा चेहरा उतरला. चंपाक्काला ते दिसलं, पण हात खाली आला नाही.

"यंत्र चुकतं असं माझं म्हणणं नाही," ती उभी राहून म्हणाली. "माझ्या सुनेनं केलेलं आहे, चुकेल कशाला. रोगाची खबर त्यानं लगेच द्यावी, एक क्षण थांबू नये. पण बाकीचे तिढे त्यानं आमच्या हातातनं काढून घेऊ नयेत."

"पण आत्याबाई," स्वरूपा हळूच म्हणाली, "खरं काय ते कळल्यावर बोलायचं काय उरतं?"

चंपाक्काला उत्तर ठाऊक होतं, पण चारचौघांत सांगता येईना. ती युहानीकडं वळली.

"ह्या साहेबांना म्हणावं, पलीकडं बसल्यात त्यांना विचारा. पान पोपटी की हिरवं, हे त्यांना ओळखू येत नाही का?"

युहानीनं गंभीरपणे मान वळवली. "अंकली, हरिपूर विचारतं, पानाचा रंग तुम्हाला ओळखता येतो का?"

"तिला सांगा, येतो," इंदुमती म्हणाली. "ती परकर नेसत होती तेव्हापासनं येतो."

"येतो म्हणते," युहानी म्हणाला.

"ऐकू आलं. मग विचारा, उलटं का लिहीत होत्या?"

इंदुमतीनं मांडीवरच्या पेटीवरून हात फिरवला, जणू तिची धूळ पुसतेय.

"घंटा वाजावी म्हणून," ती म्हणाली. "सांगा तिला."

युहानीनं ह्या वेळी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. स्वरूपा मात्र एकदम मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मी अंकलीचा भरवसा रोज कमी करत होते," ती म्हणाली. "यंत्राला मी शिकवलं, की ही बाई चुकते. आणि ही तर रोगावर एक अक्षर खोटं लिहीत नव्हती."

"रोगावर कशाला लिहीन?" इंदुमती तडकली. "येडी आहे का मी?" मग तिनंही हात वर केला. "पेटी परत द्यायला आले होते. अजून दिली नाही, म्हणजे माझीही काठी चालते. माझीही आडकाठी."

"काय केलं तर काढाल?" युहानीनं दोघींना विचारलं.

"निवाड्यानं आपलं मत सांगावं," चंपाक्का म्हणाली, "जसं घरात वडीलमाणूस सांगतं. पण दोघींचं 'मान्य' होईपर्यंत तिढा सुटला म्हणू नये. आणि घंटा दोन्हीकडं एकदम वाजावी."

"आणि तिढा नसला तर?" इंदुमतीनं हवेत प्रश्न सोडला, कुणाकडंच न बघता. "तरी कधी वाजवावी वाटली तर?"

स्वरूपानं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "करता येईल," ती म्हणाली.

"लवकर ठरवा," चंपाक्का म्हणाली. "दिवस मावळायला आलाय. नंतर जेवायला मिळणार नाही."

त्या संध्याकाळी इंदुमती पंगतीत बसली. चंपाक्कानं तिला वाढलं. दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत, कारण घंटा वाजली नव्हती. पण ताटात ओल्या हळदीचं लोणचं न मागता दोनदा पडलं, आणि पंगत उठली तेव्हा पेटी इंदुमतीच्याच काखेत होती.

हळद काढणीला आली तेव्हा एका सकाळी, दूध वर येत असताना, खबर आली: "पेवाची सातवी आवृत्ती सर्वांसाठी खुली. रोगाची खबर तात्काळ. इतर तिढ्यांत निवाडा फक्त मत देईल. हा बदल हरिपूर आणि अंकली ठाण्यांच्या आडकाठीमुळे. अंकली ठाण्यानं सोडण्याचा अर्ज मागं घेतला आहे. नवी सोय: कोणतंही ठाणं कारण न देता दुसऱ्या ठाण्याची घंटा मागू शकेल. घंटा दोन्हीकडं वाजेल. कुणी मागितली हे पेव सांगणार नाही."

आपल्या गावाचं नाव फिनलंडात आणि केनियात वाचलं जातंय, हे कळलं, तरी चंपाक्कानं दूध ह्या खेपेला वेळेवर उतरवलं. स्वरूपा दारात चपला घालत होती. "अंकलीचा भरवसा मी पूर्ववत केला," ती म्हणाली. "तुमचा नाही केला. सूर्यफुलाएवढी फुलं म्हणे."

"जा, उशीर होतोय तुला."

ती जिना उतरली असेल नसेल, तोच घंटा वाजली. पिवळा दिवा लागला.

"वैनी?" पेटीतनं आवाज आला. "घंटा तू मागितलीस?"

"मी कशाला मागू? माझ्यामागं काढणी आहे. तुम्हीच मागितली असेल."

"माझे हात पिठात आहेत."

अंकलीच्या बाजूला खरंच परात वाजली.

"भावाचं गुडघं?"

"बरं आहे. एरंडानंच झालं."

"मला ठाऊकच होतं." मग जरा थांबून, "थोरल्या नातीचं ठरतंय. उन्हाळ्यात आहे लग्न. अंकलीतच करायचं म्हणतेय मी, हैदराबादला नको."

"बरं. हळद दुकानातनं आणणार असाल ना?"

"तुझी आणायची म्हणजे तुला आमंत्रण द्यावं लागेल."

"द्या की. पण मी नाही म्हणेन."

"का?"

"मानाच्या माणसाला एकदा विचारून भागत नाही, वन्सं. दोनदा विचारावं लागतं."

"मग उद्या परत मागते घंटा," इंदुमती म्हणाली.

चंपाक्कानं शेगडी बंद केली. "परत?" तिनं विचारलं. "म्हणजे आजची तुम्हीच मागितली होती तर."

पलीकडं परात वाजायची थांबली.

"मान्य," इंदुमती म्हणाली.

पेटी दुसऱ्या 'मान्य'ची वाट बघत पिवळा दिवा लुकलुकवत राहिली. चंपाक्कानं पाट ओढला, पेटीसमोर नीट मांडी घालून बसली, आणि 'मान्य' सोडून बाकी सगळं बोलली.